लुबानचं तेल अंगावर टिकत का नाही? (सलालाहून आणलेलं)

केतकी_निगडी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. अत्तरांतले बरेच जाणकार इथे आहेत म्हणून हा धागा काढतेय. दीर-जाऊ मस्कतला असतात, त्यांच्याबरोबर यंदा खरीफमध्ये (तिथला पावसाळी मोसम) ओमानमधल्या सलालाला जाणं झालं. तिथल्या अल हुस्न सूकमधून लुबानचे (म्हणजे फ्रँकिन्सेन्स, झाडाचा सुगंधी डिंक) खडे आणले आणि त्याच दुकानातून लुबानच्या तेलाची एक छोटी बाटली. दुकानदार म्हणाला होजारीचं आहे, वाफेवर काढलेलं, दुसरं काही घातलेलं नाही.

आता प्रश्न असा की खडे जाळल्यावर घरभर जो वास भरतो तो मला या तेलात सापडतच नाहीये. मनगटावर लावलं की आधी लिंबाच्या सालीचा, मग कैरी देठापासून तोडल्यावर जो चीक येतो ना त्याचा, आणि मागून किंचित टर्पेंटाइनचा वास येतो. हा भाग मला फार आवडतो, एकदम तरतरी येते. मग तो हळूहळू गोडसर आणि मिरीसारखा होतो, थोडी राळ जाणवते. आणि तासाभरात संपतं सगळं! नाक मनगटाला टेकवलं तर काहीतरी आहे असं वाटतं, पण शेजारी बसलेल्याला पत्ता लागत नाही.

नवऱ्याच्या ऑफिसात एकाकडे लुबानचं रोलऑन आहे, सकाळी लावलेलं संध्याकाळी लिफ्टमध्येसुद्धा कळतं म्हणे. मग माझं भेसळीचं आहे का? आणि खरं असेल तर ते टिकवायचं कसं? ज्यांनी वापरलंय त्यांनी अनुभव लिहा प्लीज.

आंबेहळद

अगदी हेच! मला पण मैत्रिणीने दुबईहून आणून दिलं होतं, मला वाटलं माझ्याच त्वचेत काहीतरी आहे. वाचतेय.

लिफ्टमन

संध्याकाळी लिफ्टमध्ये कळतं हे ठीक, पण लिफ्टमधल्या बाकीच्यांना ते कळून घ्यायचं होतं का तेही विचारा :) (आयडीवर जाऊ नका, हलकं घ्या.)

मत्राहकर

केतकीताई, तुमचं तेल बहुधा अस्सल आहे. तासाभरात जातं हीच त्याची एक खूण समजा.

मी बरीच वर्षं मस्कतला आहे. इथली माणसं लुबानचं तेल अत्तरासारखं मनगटाला लावून फिरताना मला क्वचितच दिसली. लुबान इथे धुराचा. मजमरमध्ये (धूपपात्रात) निखारा, त्यावर दोन खडे, आणि कपडे त्या धुरावर धरायचे. पुरुषांच्या दिशदाशाच्या (लांब झग्याच्या) गळ्याला एक गोंडा असतो बघा, फुराखा म्हणतात, तो अत्तरात बुडवायचा. म्हणजे वास कापडावर, कातडीवर नाही. बायका पण अबाया धुरावर धरतात, लाकडी घोडी मिळते त्यासाठी, तिच्यावर कपडा पसरायचा आणि खाली मजमर ठेवायचं.

दुकानात दोन जातीच्या बाटल्या असतात आणि विचारल्याशिवाय फरक कुणी सांगत नाही. एक तुम्ही घेतलीत ती, पाण्यासारखी पातळ, जवळजवळ रंगहीन किंवा फिकट पिवळी. दुसरी असते लुबानच्या नावाचं परफ्यूम ऑइल, त्यात कस्तुरीसारख्या वासाची रसायनं, अंबर, थोडा अगरू वगैरे मिसळून तो वास बांधलेला असतो. तुमच्या साहेबांच्या मित्राचं रोलऑन या दुसऱ्या जातीचं असणार.

आणि होजारी म्हणजे काय ते पण सांगतो, कारण सगळेच दुकानदार सगळ्यालाच होजारी म्हणतात. धोफारच्या (सलालाच्या आसपासचा मुलूख) डोंगरांना समुद्राकडून खरीफची भुरभुर लागते. डोंगराच्या पलीकडे, जिथे ती पोचत नाही त्या कोरड्या पठारावरच्या झाडांचा डिंक तो होजारी. पांढरट हिरवा, पारदर्शक. मग नजदी, शझरी, आणि किनाऱ्याजवळचा शाबी, तो सगळ्यात स्वस्त. झाडाला मनगफ नावाच्या हत्याराने साल खरवडतात, पहिला चीक टाकून देतात, काही दिवसांनी पुन्हा तिथेच खरवडतात, चांगला माल नंतरच्या खेपांचा.

केतकी_निगडी

मत्राहकर, किती छान लिहिलंत! फुराखा बघितला होता, तो अत्तरासाठी असतो हे माहीत नव्हतं. तेल अगदी पाण्यासारखंच आहे, बाटली हलवली की चिकटत नाही काचेला.

पायनीन

मी पेंट इंडस्ट्रीत काम करतो, टर्पीन (झाडांच्या तेलातली वासाची रसायनं) हा रोजचा विषय, म्हणून सविस्तर.

लुबानच्या वाफेवरच्या तेलात सगळ्यात जास्त असतं अल्फा-पायनीन, ओमानच्या अनेक नमुन्यांत निम्म्याहून जास्त. टर्पेंटाइनमध्येही मुख्य तेच, त्यामुळे केतकीताईंच्या नाकाला पैकीच्या पैकी मार्क. त्याच्या जोडीला लिमोनीन (लिंबाची साल), सॅबिनीन, मिर्सीन असे भाऊबंद. कैरीच्या चिकातही टर्पीनंच असतात, तो वास ओळखीचा वाटला तो उगाच नाही. ही सगळी हलकी रसायनं. त्वचा ३२-३३ अंशांवर असते, तुम्ही एक थेंब पातळ पसरवता, वरून पंखा. उडणारच. तेल भेसळीचं असो वा शुद्ध, पायनीन एवढंच टिकतं. टिकणारी मंडळी त्या तेलात थोडी असतात, म्हणून तासाभराने मनगटाला नाक लावल्यावर "काहीतरी आहे" इतकंच उरतं.

आता धुराचा वास वेगळा का. खडा गरम झाला की जे जड पदार्थ एरवी उडत नाहीत ते पण वर येतात, शिवाय डिंक जळल्यामुळे नवीन काही तयार होतं. वाफेवर काढलेल्या तेलात हा जळका भाग नाहीच, आणि जड भाग फार थोडा. चर्चमध्ये येतो तो जुनाट, खोल वास कशाचा हे कोडं बरीच वर्षं सुटलं नव्हतं. २०१६ साली फ्रान्समधल्या नीसच्या निकोला बाल्दोविनी यांच्या गटाने त्यातली दोन आम्लं शोधली, त्यांना ओलिबॅनिक आम्लं म्हणतात. प्रमाण अगदी कणभर पण वास घट्ट. तुमच्या मनगटावर शेवटी जे उरतं त्यात यांचाही हात असतो.

टिकाऊ हवं असेल तर सीओटू एक्स्ट्रॅक्ट (कार्बन डायऑक्साइड वापरून काढलेला अर्क) किंवा रेझिनॉइड मिळतं का बघा. रेझिनॉइड म्हणजे सॉल्व्हंटने काढलेलं, मधासारखं घट्ट. त्याला लिंबूपणा कमी, राळ जास्त, आणि खूप वेळ राहतं. पण नुसतं लावलं तर चिकट होतं.

हिना_६२

मला हे काही पटत नाही. मी महंमद अली रोडवरच्या एका जुन्या दुकानातून वर्षानुवर्षं लुबान घेतो, त्यांनी छातीठोकपणे सांगितलंय की शंभर टक्के प्युअर. सकाळी आंघोळीनंतर लावतो, दुपारी जेवताना हाताला येतो, रात्री बनियनला येतो. शुद्ध वस्तू टिकते आणि नकली उडते हे आमच्या वडिलांपासून ऐकत आलोय. चंदनाचं तेल टिकतं, खस टिकतं, मग लुबाननेच काय घोडं मारलंय?

पायनीन

हिनाजी, चंदन आणि खस टिकतात कारण त्यांच्यातली रसायनं जड आहेत. शुद्ध संत्र्याचं तेल अर्ध्या तासात जातं, तेही शुद्धच असतं की. टिकणं हे वस्तूच्या जातीवर आहे, शुद्धतेवर नाही.

साधी परीक्षा करून बघा. कोऱ्या कागदावर एक थेंब टाका आणि दिवसभर उघडं ठेवा. वाफेवरचं तेल असेल तर डाग जवळपास नाहीसा होतो, फार तर पुसट कडा राहते. खाली बेस तेल असेल तर तेलकट पारदर्शक डाग तसाच राहील. दुसरं म्हणजे दर तासाला वास घ्या. खऱ्या तेलाचा वास बदलत जातो. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर लागला असेल तर ते बांधलेलं अत्तर आहे.

भांडारकररोड

+१ पायनीन. वाचनखूण साठवली.

पापडी_वसई

आमच्याकडे सणाच्या मिस्साला साखळीचं धूपपात्र फिरवतात, लहानपणी मी आल्तारावर सेवा करायचो तेव्हा निखारे फुलवायचं काम माझ्याकडे असायचं. सदऱ्याला तो वास दोन दोन दिवस राहायचा. मला अंगावर लावायला नेमका तोच वास हवाय, धुराचा, लिंबाचा नको. वरची चर्चा वाचून कळलं की नुसत्या तेलात तो मिळणार नाही. मग कशात मिळेल?

अवांतर: ६ जानेवारीला तीन राजांचा सण, बाळ येशूला सोनं, ऊद आणि गंधरस भेट देणारे ते राजे. गोव्यात रेइश मागुश, चांदर आणि कांसावलीला तो मोठा होतो, मुलगे राजे बनून येतात. एकदा जरूर बघा.

मत्राहकर

पापडी, चर्चच्या धुपात नुसता लुबान नसतो बरेचदा, त्यात बेंझॉइन, गंधरस असं मिसळलेलं असतं. तुम्हाला अंगावर हवं तर लुबान रेझिनॉइड, चिमूटभर लॅबडॅनम (एक राळ), आणि धुराच्या छटेसाठी देवदाराचं किंवा गुग्गुळाचं काहीतरी. पण सगळ्यात सोपं म्हणजे सदरा धुरावर धरा. तुम्हीच म्हणालात दोन दिवस राहायचा.

वैदेही_क

एक शंका. मी दादरला पूजेच्या दुकानातून लोबान आणला तर त्याला व्हॅनिलासारखा गोड वास येतो, लिंबू मिरी काही नाही. मला फसवलं का?

पायनीन

फसवलं असं नाही म्हणता येणार, आपल्याकडे लोबान म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा बेंझॉइन असतं, सुमात्राकडच्या स्टायरॅक्स नावाच्या झाडाचा डिंक. झाड वेगळं, वास वेगळा, काम पण वेगळं. तो मूळचाच गोड आणि जड, म्हणून अत्तरात वास धरून ठेवायला वापरतात. ओमानी लुबान बॉस्वेलिया सॅक्राचा. विकत घेताना झाडाचं नाव विचारा, नाहीतर सरळ खडा चावून बघा, लुबान दाताखाली मऊ होऊन च्युइंगगमसारखा होतो.

कोरकू_वाट

झाडाचा विषय निघालाच आहे तर आपल्या सालईला विसरू नका हो! मी अमरावतीचा, मेळघाटात कामानिमित्त फिरणं असतं. बॉस्वेलिया सेराटा, म्हणजे लुबानची सख्खी बहीण, सातपुड्याच्या खडकाळ कोरड्या उतारांवर ढिगाने आहे. साल कागदासारखी पापुद्रे निघणारी, उन्हाळ्यात पान एक नाही. आयुर्वेदात शल्लकी म्हणतात ती हीच, आणि हिच्या डिंकाला कुंदुरू. हिचं लाकूड नेपानगरच्या कारखान्यात वर्तमानपत्राच्या कागदासाठी गेलं वर्षानुवर्षं, खोक्यांसाठी गेलं, आगपेटीच्या काड्यांसाठी गेलं. वासाचं झाड म्हणून तिच्याकडे बघणारे कमीच, याचं मला फार वाईट वाटतं.

वास सांगतो. खोडावरचा ताजा चीक बोटावर घेतला तर हिरवट, कडवट, कच्च्या गवताकडे झुकणारा, ओमानी लुबानाइतका लिंबाळ नाही. तेल मिळतं बाजारात, स्वस्त आहे, मी लावून पाहिलंय. सुरुवात जास्त तिखट, मधला गोड भाग कमी, शेवटी लाकडाच्या भुशासारखा कोरडा. टिकायला ओमानीपेक्षा फार वेगळं नाही. पण पावसाळ्यात, दमट हवेत ते अंगावर इतकं ताजं वाटतं की मला तेच आवडतं.

पायनीन

सालईत अल्फा-थुजीन मुख्य असतं, पायनीन नाही, म्हणून तो हिरवट कडवटपणा. वर्णन अचूक आहे तुमचं.

आणि इथिओपिया, इरिट्रियाकडचा बॉस्वेलिया पॅपिरिफेरा तिसराच. त्याच्या तेलात ऑक्टिल ॲसिटेट भरपूर, त्यामुळे संत्र्यासारखा फळाळ आणि थोडा अळंबीसारखा वास येतो. बाटलीवर नुसतं फ्रँकिन्सेन्स लिहिलेलं असेल तर हे तिन्ही आणि सोमालियाचे प्रकार, कुठलंही असू शकतं. "टिकतं" "टिकत नाही" वर भांडताना आपण एकाच तेलाबद्दल बोलतोय का हे आधी बघायला हवं.

डॉ_त्वचा

त्वचारोगाची प्रॅक्टिस करते म्हणून राहवत नाही. कृपया नीट वाचा.

वाफेवर काढलेलं तेल थेट, न मिसळता, रोज त्याच जागी लावू नका. लुबान तेलांमध्ये फार त्रासदायक नाही हे खरं, पण जुनं झालेलं तेल त्रास देतं. पायनीन, लिमोनीन हवेशी संयोग पावून जे तयार होतं त्याची ॲलर्जी होते, आणि एकदा झाली की आयुष्यभर साथ करते. बाटली अर्धी रिकामी, झाकण सैल, खिडकीत उन्हात ठेवलेली, असं तेल अंगाला लावूच नका. गडद काचेच्या छोट्या बाटलीत, गच्च बंद, फ्रिजमध्ये. वास रॉकेलकडे झुकला किंवा तेल चिकट झालं की ते संपलं समजा.

आधी जोजोबा किंवा एमसीटी अशा बिनवासाच्या तेलात मिसळून कोपराच्या आतल्या बाजूला लावा, दोन दिवस थांबा. लाल झालं, खाज आली तर नाही वापरायचं. लहान मुलं, गरोदर बायका, दमा असणारे यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. घरात मांजर असेल तर अंगावर लावलेलं तेल तिला चाटू देऊ नका, मांजरांना ही तेलं पचत नाहीत.

शेवगा

डॉक्टर, सासूबाईंच्या गुडघ्यांना हे चोळलं तर? व्हॉट्सॲपवर आलंय की लुबानच्या तेलात बॉस्वेलिक ॲसिड असतं, सूज उतरते.

डॉ_त्वचा

बॉस्वेलिक आम्लं डिंकात असतात, हे खरं. पण ते रेणू जड आहेत, वाफेबरोबर वर येत नाहीत, त्यामुळे वाफेवरच्या तेलात ती नसतात म्हटलं तरी चालेल. चोळल्यावर बरं वाटेल ते चोळण्यामुळे आणि वासामुळे. सासूबाईंना वास आवडत असेल तर तिळाच्या तेलात दोन थेंब घालून हळुवार चोळा, छानच आहे. गुडघ्यांसाठी मात्र हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि ओमानमध्ये खडे रात्रभर पाण्यात भिजवून ते पाणी पितात, ते बघून कुणी तेलाचे थेंब पाण्यात घालून पिऊ नका.

हिना_६२

पायनीन, कागदाची परीक्षा केली. डाग राहिला. वास पण सकाळी होता तोच रात्री. म्हणजे त्यात बेस आहे हे मी मान्य करतो. पण मला एक सांगा, म्हणून ते वाईट का? मला तो वास आवडतो, माझ्या घरच्यांना तो वास आला की मी आलो हे कळतं. शुद्धच पाहिजे हा हट्ट कशाला?

मत्राहकर

हिनासाहेब, वाईट अजिबात नाही! अत्तराची कलाच मुळी बांधण्याची. कनौजला भपक्यात (अत्तर उतरवायच्या भांड्यात) जे अत्तर उतरायचं ते चंदनाच्या तेलातच उतरायचं, गुलाब एकटा कुठे टिकतो. ओमानमध्ये १९८३ ला अमुआज ही अत्तरांची कंपनी सुरू झाली, त्यांचं पहिलं अत्तर गी रोबेर या फ्रेंच परफ्यूमरकडून करून घेतलं, त्यातही लुबान एकटा नाही, त्याला फुलं, अंबर, लाकूड असा भरभक्कम आधार आहे. वाद फक्त इतकाच की मिश्रणाला शुद्ध म्हणून विकू नये, आणि शुद्ध लवकर उडालं म्हणून त्याला खोटं म्हणू नये.

आंबेहळद

मग घरी बांधता येईल का हो? कुणी करून बघितलंय?

निशिगंध_सांगली

मी करते. १० मिलीच्या रोलऑन बाटलीत जोजोबा, त्यात लुबान १२ थेंब, चंदन ६, खस १. नीट मिसळून एक आठवडा अंधारात ठेवायचं, पहिल्या दिवशी ते विस्कळीत लागतं, नंतर एकजीव होतं. लिंबाळ सुरुवात थोडी दबते पण मधला गोड राळेचा भाग दुपारपर्यंत राहतो. चंदन महाग असेल तर देवदार चालतं, वास वेगळा होतो पण.

कोरकू_वाट

खस नको! एक थेंबसुद्धा लुबानला खाऊन टाकतं, मागे नुसती ओली माती उरते. त्यापेक्षा बेंझॉइन घ्या, वर वैदेहीताईंना मिळालेलं तेच, विरघळवलेलं मिळतं.

निशिगंध_सांगली

मला ती ओली माती हवीच असते, मेच्या उन्हात तर हवीच :) पण खरंय, ज्यांना लुबानच पुढे हवा त्यांनी बेंझॉइन घालावं. गोडपणा वाढतो एवढं लक्षात ठेवा.

शेवगा

कोरड्या त्वचेवर कमी टिकतं का? हिवाळ्यात माझ्या हातावर कुठलंच अत्तर राहत नाही.

निशिगंध_सांगली

हो, कोरड्या त्वचेवर लवकर उडतं. आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा थोडंसं व्हॅसलीन लावा आणि त्यावर रोलऑन. आणि दोन मनगटं एकमेकांवर घासू नका, उगाच गरम होऊन पहिला वास भरकन जातो. अजून एक, आपल्या नाकालाच सवय होऊन जाते, आपल्याला येत नाही पण दुसऱ्याला येत असतो. त्यामुळे पुन्हा पुन्हा लावायच्या आधी घरच्या कुणाला तरी विचारा.

आप्पा_कराड

एवढी चर्चा झाली आणि फाया कुणालाच आठवला नाही? आमच्या आजोबांच्या कानात अत्तराचा फाया असायचा, लग्नाला निघताना कापसाची बारीक गोळी, अत्तराचा थेंब, आणि कानाच्या वरच्या वळणात खोचायची. कातडीला तेल लागतच नाही म्हणजे डॉक्टरबाईंची काळजी पण मिटली, आणि कापसातून वास सावकाश सुटतो. वर मत्राहकरांनी फुराख्याचं लिहिलंय तेही कापडच. लुबानसाठी याहून चांगला उपाय मला तरी दिसत नाही. फाया कानाच्या भोकात सरकणार नाही एवढा मोठा घ्या.

डॉ_त्वचा

आप्पा, फार छान सुचवलंत. थेंब कापसात पूर्ण मुरू द्या, ओथंबलेला फाया खोचू नका, एवढीच भर.

भांडारकररोड

थोडं वेगळं. २०१९ मध्ये फ्रान्स बोंगर्स आणि सहकाऱ्यांचा नेचर सस्टेनेबिलिटी या शोधपत्रिकेत अभ्यास आला होता, त्यात पॅपिरिफेराच्या जंगलांमध्ये नवी झाडं जगतच नाहीत आणि पुढच्या वीस वर्षांत डिंकाचं उत्पादन निम्म्यावर येईल असा अंदाज होता. गुरांची चराई, वणवे, झाडाला विश्रांती न देता चिरणं ही कारणं. हे वाचल्यापासून मला बाटली घेताना अपराधी वाटतं. थेंबभर तेलासाठी किती डिंक जातो कुणास ठाऊक.

मत्राहकर

काळजी रास्त आहे, सोमालियातही झाडांना फार ओरबाडतात. ओमानमध्ये सलालाच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर वादी दौका आहे, लुबानच्या झाडांचं राखलेलं खोरं, २००० सालापासून जागतिक वारसा यादीत. त्याच यादीत खोर रोरीचं जुनं बंदर पण आहे, इथून लुबानची जहाजं जायची, आणि तिथल्या उत्खननात भारतीय बनावटीची कांस्याची छोटी स्त्रीमूर्ती सापडलेली आहे, म्हणजे आपल्याकडचे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी पण इथे घासाघीस करत असणार. घेणं बंद करू नका, त्यावर जगणारी माणसं आहेत. कुठल्या झाडाचं, कुठून आलं हे सांगणाऱ्याकडूनच घ्या, आणि थोडं घ्या.

कोरकू_वाट

आणि सालईचं घ्या! तिच्यावर पण तीच वेळ येऊ नये म्हणून खोडाला खोल घाव न घालता डिंक काढणाऱ्यांकडून. भाव नीट मिळाला तर झाड जळणासाठी तुटणार नाही.

केतकी_निगडी

बापरे, चार दिवस इकडे फिरकले नाही तर केवढं लिहिलंय सगळ्यांनी! एकेक प्रतिसाद दोनदा वाचला. कागदाची परीक्षा केली, डाग गेला, फक्त पुसट गोल राहिलाय. म्हणजे दुकानदार खरं बोलला. आप्पांचा फाया करून पाहिला, दुपारी भाजी आणायला गेले तेव्हा भाजीवाल्या मावशींनी स्वतःहून विचारलं काय लावलंय. सुती ओढणीच्या टोकाला एक थेंब लावला होता तिथे दुसऱ्या दिवशी सकाळीसुद्धा राळेचा वास होता, लिंबू गेलेला, पण बाकी सगळं होतं.

आता पुढचा प्रश्न. भाचीच्या लग्नात पैठणी नेसणार आहे. तिला हा वास कसा द्यायचा? थेंब टाकायची भीती वाटते.

निशिगंध_सांगली

पैठणीवर थेंब टाकू नका अजिबात, रेशमावर डाग धरतो आणि जरीचे काठ काळवंडले तर जीव जाईल. परकराच्या आतल्या घडीला किंवा ब्लाउजच्या सुती अस्तराला लावा, तेही आदल्या रात्री, म्हणजे वाळेल.

मत्राहकर

किंवा धुरी द्या. साडी दोरीवर सैल पसरा, मजमर खाली लांब, जरीच्या काठापासून तर चांगलंच लांब, खडा छोटा, पाचसात मिनिटं पुरे. तुम्ही खडे आणलेत ते त्याचसाठी वापरा, तेल फायाला राहू दे. कोळसा मात्र काडी लावली की तडतडत पेटतो तो घेऊ नका, त्यात सोरा असतो आणि त्याचाच वास साडीला बसतो. नारळाच्या करवंटीचा साधा कोळसा घ्या, पूर्ण पेटून वर राख धरली की मगच खडा ठेवा, आणि खड्यातून काळा धूर यायला लागला की लगेच काढा.